मुक्ताने मागितलेला बाप्तिस्मा

दिल्लीत जन्मलेल्या मराठी मुलांच्या जिभेला 'ळ' सहसा वळत नाही. मी आमच्या मंडळीत तरुणांचा पाळक म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच रविवारी संडे स्कूलमधल्या एका मुलीने घरी जाऊन जाहीर केलं, "चर्चमध्ये नवे पालक आलेत." तिच्या आजीला वाटलं, कुणा मुलाचे आईवडील आले असतील. शेजारच्या पंजाबी काकूंना वाटलं, दारावर भाजी आली. तेव्हापासून लहान मुलांत मी 'पालक भैया' झालो तो कायमचा. मोठी मुलं सॅमदादा म्हणायची. सॅम्युएल हे पूर्ण नाव फक्त माझी बायको सुनीता घ्यायची, तेही रागावली तर.

आता मी ते काम सोडलंय. म्हणजे मंडळीनेच मोठ्या प्रेमाने सोडायला लावलं. गुडघ्याला पट्टा बांधून बास्केटबॉल खेळणारा माणूस तरुणांना फार दिवस आपला वाटत नाही. सध्या द्वारकेत मोठ्यांच्या मंडळीचा पाळक आहे. मोठी माणसं वेळेवर येतात, वेळेवर जातात आणि आपलं काय बिनसलंय ते सांगत नाहीत. मला जुन्या गडबडीची फार आठवण येते.

तरुणांचा पाळक नेमकं करतो काय, असं मला आमच्या सोसायटीत अजूनही विचारतात. मुख्य पाळक उपासना चालवतो, उपदेश करतो, बाप्तिस्मा देतो, लग्नं लावतो, दफनविधी करतो. यातून उरलेलं सगळं तरुणांच्या पाळकाकडे येतं. कीबोर्ड मांडीवर घेऊन ऑटोतून जायचं. मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी गाणी रोमन लिपीत टाइप करायची. उन्हाळ्यात सगळ्यांना घेऊन पहाडात शिबिराला जायचं आणि गेले तितके परत आणायचे. बोर्डाच्या परीक्षेआधी रडणाऱ्यांजवळ बसायचं. प्रेमभंग झालेल्याला छोले-भटुरे खाऊ घालायचे. अशा वेळी उपदेशाचा उपयोग शून्य, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. एकदा एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, याला सांगा ना, मोबाइल जरा कमी कर म्हणावं. तुमचं ऐकतो." ती वळते न वळते तोच मुलगा आला. "दादा, मम्मीला बोला ना यार. दिवसभर फोन, फोन!"

आमची मंडळी लहान. आर. के. पुरमजवळच्या एका चर्चची इमारत आम्हाला रविवारी दुपारी तीन वाजता मिळायची. सकाळी तिथे इंग्रजी उपासना, मग हिंदी, मग तमिळ, आणि शेवटी आम्ही. आत शिरायचो तेव्हा बाक अजून आधीच्या माणसांच्या अंगाने उबदार असायचे. नगर, जालना, कोल्हापूरकडून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेली कुटुंबं, पुढे पुढे गुरगावच्या कंपन्यांतली तरुण जोडपी. उपासना संपली की मागच्या स्वयंपाकघरात चहा आणि पोहे व्हायचे. महिन्यातून एकदा प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून रांधायचं आणि एका पंगतीत जेवायचं. पोरं पोळ्या लाटायची. त्या पोळ्या कुठल्या कुठल्या राज्यांच्या आकाराच्या होत असत.

या गडबडीत मुक्ता आली.

नेओमी नावाची आमची एक मुलगी होती, तरुण संघाची चिटणीस, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. ती अकरावीतल्या आपल्या मैत्रिणीला घेऊन आली. "दादा, ही मुक्ता सबनीस. लक्ष्मीबाई नगरला राहते. मराठी आहे, पण आपल्यातली नाही, म्हणजे ख्रिश्चन नाही. चालेल ना?"

"पोहे खाते का?"

"बिल्कुल."

"मग चालेल."

मुक्ता शेवटच्या बाकावर बसली. पहिलं गाणं तिने नुसतं ऐकलं. दुसऱ्या गाण्याचं ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा मागून एक आवाज उठला, भरदार आणि स्वच्छ. पुढच्या बाकांवरच्या बायका माना वळवून बघू लागल्या. मी कीबोर्डवर होतो. माझा हात चुकला. त्या दिवसापासून ती दर रविवारी येऊ लागली. गायची, पोळ्या लाटायची, नेओमीशी कडाडून भांडायची आणि लहान मुलांना 'ळ' शिकवायची. तिचा 'ळ' मात्र खणखणीत होता. "आईने शिकवला," एवढंच ती एकदा म्हणाली. आईला जाऊन वर्ष झालं होतं, हे नेओमीने सांगितलं.

पाच-सहा महिने गेले. एका रविवारी भांडी घासून झाल्यावर मुक्ता ओढणीला हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली. नेओमी शेजारीच होती.

"दादा, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

पाळकाच्या आयुष्यात याहून आनंदाचं वाक्य नसतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही छातीत काहीतरी उसळलं. पण मी विचारलं, "का गं?"

"म्हणजे काय? मला इथे अच्छा वाटतं."

"इथे म्हणजे कुठे?"

ती म्हणाली, "इथे सगळे एकत्र जेवतात. कोणी आलं नाही तर फोन करतात. आमच्या घरी डबा येतो. बाबा त्यांच्या खोलीत जेवतात, मी माझ्या. आम्ही ना दादा, एका घरात राहून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो."

"येशूबद्दल काय वाटतं?"

"चांगला वाटतो," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "पण त्याचा मी अजून तेवढा विचार नाही केला."

नेओमीने कपाळाला हात लावला. मला मात्र तिचं ते उत्तर फार आवडलं होतं.

"बाबांना माहीत आहे तू इथे येतेस ते?"

ती खाली बघू लागली. रविवारी केमिस्ट्रीचा जादा क्लास असतो, असं तिने घरी सांगितलेलं होतं.

मी आमच्या मुख्य पाळकांकडे, रणनवरे साहेबांकडे गेलो. साहेब मितभाषी होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती अजून अल्पवयीन आहे. वडिलांच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही, हा नियम तुला ठाऊक आहे. पण सॅम्युएल, तिला तेवढंच सांगून मोकळा होऊ नकोस. नियमाआड लपणं सोपं असतं."

मंडळीच्या पंचांमध्ये मात्र दोन तट पडले. एकाचं म्हणणं, मुलगी आपण होऊन येतेय, दार कशाला लावायचं? दुसऱ्याचं म्हणणं, दिवस कसे आहेत बघता ना, उद्या मुलीला फूस लावली म्हणून कुणी पोलिसात गेलं तर आपल्याला हा हॉलसुद्धा मिळणार नाही. येऊ नको म्हणून तिला गुपचूप सांगून टाका. दोघांचंही मला पटत नव्हतं. गुपचूप येणं आणि गुपचूप घालवणं यांत मला फारसा फरक दिसेना.

मी मुक्ताला म्हटलं, "बाबांना तू स्वतः सांग."

"ते मला मारून टाकतील."

"मी सोबत येतो."

तरुणांच्या पाळकाने मुलीच्या घरी एकट्याने जायचं नाही, हा माझा शिरस्ता होता. म्हणून एका शनिवारी सकाळी सुनीता आणि मी लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलो. खाली कडुलिंब, जिन्यात स्कूटर, बाल्कनीत वाळणाऱ्या गाद्या. सबनीस साहेब मंत्रालयात अधिकारी होते. दार त्यांनीच उघडलं. मुलीच्या शिक्षिका आणि सर असावेत अशा समजुतीने त्यांनी आम्हाला अदबीने बसवलं. घर टापटीप होतं. कोपऱ्यात चादरीने झाकलेली एक पेटी होती, गाण्याची.

मुक्ता उभीच राहिली आणि एका दमात बोलली, "बाबा, हे सॅमदादा. मी रविवारी क्लासला नाही जात. यांच्या चर्चमध्ये जाते. आणि मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

सबनीसांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "किती दिवस चाललंय हे?"

"सहा महिने होत आले."

"आणि आज तुम्ही माझ्या घरात बसून मला हे सांगताय?"

"मी सांगायला आलो नाही, साहेब. तिने सांगावं म्हणून आलोय. तुमच्या संमतीशिवाय आम्ही काहीही करणार नाही. आणि यापुढे तुमच्या नकळत ती आमच्याकडे येणारही नाही."

मुक्ताचा चेहरा खर्रकन उतरला. "दादा! तुम्ही म्हणालात सोबत येता!"

"आलोय की."

"ही सोबत?"

सबनीस उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. "आईविना पोर बघितलीत आणि गाठलंत. तिच्या आईला काय वाटलं असतं, याचा तरी विचार करायचा होतात."

"आईचं नाव तुम्ही काढलंत, बाबा," मुक्ता म्हणाली. "ती गेल्यापासून आज पहिल्यांदा काढलंत."

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मग सबनीस हळूच म्हणाले, "तुम्ही आता निघा." सुनीताने जाता जाता मुक्ताच्या डोक्यावरून हात फिरवला, तर तिने मान झटकली.

त्यानंतर मुक्ता आली नाही. शाळेत ती नेओमीशीही बोलत नव्हती. मागच्या बाकावरचा आवाज गेला आणि गाणी अचानक पातळ वाटू लागली. पंचांपैकी एकजण मला म्हणाले, "चांगली मुलगी घालवलीत." दुसरे म्हणाले, "सुटलो." मी दोघांनाही चहा दिला. दर रविवारी उपासना सुरू झाली की माझी नजर आपोआप दाराकडे जायची. सुनीता घरी आल्यावर म्हणायची, "कीबोर्डकडे बघत जा. सूर चुकतात."

आगमनकाळ सुरू झाला, म्हणजे नाताळच्या आधीचे रविवार. त्यातल्या एका रविवारी दाराकडे बघितलं, तर सबनीस उभे होते. कोट, मफलर, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. ते आत आले, शेवटच्या बाकाच्या कडेला बसले आणि सगळी उपासना होईपर्यंत ताठ बसून राहिले. नंतर मी त्यांच्यापुढे चहाचा कप धरला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

"ती माझ्याशी बोलत नाही," ते म्हणाले. "आधीही फार बोलत नव्हती. आता डबासुद्धा तसाच परत जातो. तुमच्याशी काय बोलायची ती?"

"फार काही नाही. पोळ्या लाटायची. भांडायची. गायची."

"गायची?"

"तिच्याविना आमची गाणी ऐकलीत ना आज? ती असताना अशी नव्हती."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ मफलरच्या टोकाने पुसत राहिले. "मंदा, तिची आई, गायची. दोघी संध्याकाळी पेटी घेऊन बसायच्या. मंदा गेली आणि मला ती पेटी बघवेना, म्हणून मी तिच्यावर चादर टाकली. तेव्हापासून मुक्ताने घरात एक सूर काढलेला नाही. मला वाटायचं, तिलाही ऐकवत नसेल."

"विचारलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग एकदम मुद्द्यावर यावं तसे म्हणाले, "नाताळात तुम्ही लोकांच्या घरी जाऊन गाता म्हणे. आमच्याकडे याल? तुमच्यात चालतं का असं?"

"बोलावलं की आम्ही कुणाकडेही जातो."

"धर्माचं काही नको पण."

"साहेब, गाणी येशूच्या जन्माची आहेत. ती बदलून गाता येणार नाहीत मला."

चहा आता पार निवला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला. "बरं. गाणी असू द्या. भाषण नको."

"भाषण मला जमतही नाही," मी म्हटलं, आणि ते पहिल्यांदा किंचित हसले.

नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी आम्ही मिनीबस भरून लक्ष्मीबाई नगरला गेलो. धुकं उतरायला लागलं होतं. मुलांच्या डोक्यावर लाल टोप्या, एकाच्या गळ्यात ढोलकी. जिन्यातले आवाज ऐकून वरखालच्या क्वार्टरमधली माणसं शाली गुंडाळून बाहेर आली. कुणी बंगाली, कुणी ओडिया, कुणी मल्याळी. सबनीसांनी बैठकीतल्या खुर्च्या उचलून सतरंजी घातली होती. पेटीवरची चादर काढलेली होती. मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी होती. आम्ही येणार हे वडिलांनी तिला सांगितलंच नव्हतं. तिने आमच्याकडे वळून पाहिलं नाही.

नेओमीने सुरुवात केली. ती मनापासून गाते, पण सुरात नाही. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्या कडव्याला नेओमीने इतका वरचा सूर लावला की ढोलकीवाला हसला, आणि स्वयंपाकघरातून मुक्ताचा वैतागलेला आवाज आला, "यार नेओमी, खाली घे!" आणि तिने स्वतःच खालून सूर धरला. गातगात ती बाहेर आली, सतरंजीवर मांडी घालून बसली आणि पेटी पुढे ओढली. भात्यात धूळ होती. पेटी आधी खोकली, मग बोलायला लागली.

शेजारच्या बंगाली काकू दारात थबकल्या. "बिल्कुल मंदा की आवाज़," त्या म्हणाल्या. सबनीस भिंतीला टेकून उभे होते. ते तसेच खाली सरकत सतरंजीवर बसले, पोरांमध्ये. तिसऱ्या गाण्याला मी पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते. शब्द त्यांना येत नव्हते. नुसते हलत होते.

नंतर त्यांनी स्वतः केलेली साबुदाण्याची खिचडी आली. मीठ इतकं जास्त होतं की दोन घास गेले की पाणी लागायचं. "मी पहिल्यांदाच केली," ते ओशाळून म्हणाले. मुलांनी पातेलं खरवडून खाल्लं. मुक्ता माझ्यापाशी आली. "दादा, मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे."

"राहा."

"पुढच्या रविवारी येऊ का? बाबा सोडायला येतो म्हणतात."

सबनीस खरंच सोडायला येऊ लागले. हिवाळ्यात ते बाहेर उन्हात वर्तमानपत्र वाचत बसायचे. उन्हाळा आला तसे आतल्या शेवटच्या बाकावर आले. प्रार्थनेला आमचे पुरुष डोक्यावरचं काढून ठेवतात, ते तिथून बघायचे. "कूलरसाठी," असं ते प्रत्येकाला न विचारता सांगायचे. प्रीतिभोजनाला खिचडी आणायचे. मीठ हळूहळू जागेवर आलं. आमचे पंचसुद्धा त्यांच्याशी महागाई भत्त्याची चर्चा करू लागले.

मुक्ता अठरा वर्षांची झाली तेव्हा आपण होऊन माझ्याकडे आली. "दादा, त्या बाप्तिस्म्याचं मी बहुत विचार करून सांगते. मला तेव्हा घर पाहिजे होतं. ते आता आहे. मग बाकीचं मला ठरवता येईना. तुम्हाला वाईट वाटलं?"

पाळक म्हणून थोडं वाटलं. तिला तसं सांगितलंही. तिला मी तेव्हाच नीट शिकवण दिली असती, घाई केली असती, तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. अजूनही त्याचा निकाल लागलेला नाही, आणि देवापुढे उभा राहीन तेव्हाच लागेल असं वाटतं.

ती शिकायला पुण्याला गेली. लक्ष्मीबाई नगरची ती जुनी क्वार्टरं पाडली, तिथे आता उंच टॉवर आहेत. मी बसमधून जातो तेव्हा तो जिना नेमका कुठे असेल ते मला ओळखता येत नाही. सबनीस निवृत्त होऊन द्वारकेला राहायला आले. मुक्ताला पुढे गुरगावमध्ये नोकरी लागली, तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरलं. लग्नाच्या महिनाभर आधी सबनीस आमच्या घरी आले. सुनीताने चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलून झालं तरी ते उठेनात.

"मंदाचा एकच भाऊ," ते शेवटी म्हणाले. "सांगलीला असतो. आजारी आहे, प्रवास झेपणार नाही. मुलीला मांडवात न्यायला मामा लागतो. मुक्ता म्हणते, सॅमदादा." मग घाईघाईने, "तुमच्यात चालतं का असं?"

मी रणनवरे साहेबांना फोन लावला. साहेब निवृत्त होऊन नगरला असतात. त्यांनी नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं. "पाळकाने मामा होऊ नये असं माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही," ते म्हणाले. "फेटा बांधतील तुला. फोटो पाठव."

फेटा बांधला. द्वारकेतल्या एका हॉलमध्ये, सनई स्पीकरवर लागलेली, मी वधूच्या खोलीच्या दाराशी गेलो. आतापर्यंत पुष्कळ लग्नांत उभा राहिलो होतो, पण नेहमी वेदीपाशी, झगा घालून, पुस्तक हातात धरून. इथे माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मुक्ता पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून बसली होती. तिने नेओमीसकट सगळ्या मैत्रिणींना बाहेर पाठवलं.

"दादा, प्रार्थना करा ना."

"इथे?"

"हळू करा. दोनच मिनिटं."

मी तिचे हात हातात घेतले. मेंदीने रंगलेले, गार पडलेले. मी तिच्यासाठी केली, त्या मुलासाठी केली, तिच्या आईचं नाव घेतलं. काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही. तिने 'आमेन' म्हटलं तेवढं आठवतं.

डोळे उघडले, तर दारात सबनीस उभे होते. कधी आले होते कोण जाणे. डोक्यावरचा फेटा उतरवून त्यांनी काखेत धरला होता आणि मान खाली घातली होती. आमचं संपल्याचं त्यांना जरा उशिरा कळलं. मग त्यांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला, तो थोडा वाकडाच बसला.

"झालं ना?" ते म्हणाले. "चला मग. गुरुजी केव्हाचे मामांना बोलावताहेत."